पंधरा मुलांच्या घरातील वारसाचा दुष्काळ

१८१७ च्या नोव्हेंबर महिन्याच्या आरंभी इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज विंडसरच्या वाड्यात आंधळा आणि भ्रमिष्ट अवस्थेत दिवस काढत होता. एकोणऐंशी वर्षांच्या या राजाला राणी शार्लोटपासून पंधरा मुले झाली होती आणि त्यांपैकी बारा जण हयात होते: सात मुलगे आणि पाच मुली. थोरला पंचावन्न वर्षांचा होता, तर हयात असलेल्यांत सर्वांत धाकटीने नुकतीच चाळिशी गाठली होती. आपल्याकडे अशा घराला लोकांनी गोकुळ म्हटले असते. परंतु उद्या गादीवर हक्क सांगू शकेल असे नातवंड या बारा जणांत मिळून एकच होते, आणि ६ नोव्हेंबरच्या पहाटे तेही गेले.

याचा अर्थ राजाला नातवंडे नव्हती असा नाही. एकट्या तिसऱ्या मुलालाच दहा अपत्ये होती. पण कायद्याच्या दृष्टीने ती कोणीच नव्हती. पंधरा मुलांच्या घरात औरस वारसाचा असा दुष्काळ का पडला, हे समजून घ्यायचे तर या भावंडांची लग्ने, न झालेली लग्ने आणि होऊनही न झाल्यासारखी ठरलेली लग्ने पाहावी लागतात. त्यांच्या मुळाशी खुद्द राजानेच आग्रहाने करवून घेतलेला एक कायदा आहे.

पुढे जाण्यापूर्वी नावांविषयी एक खुलासा केलेला बरा. या घराण्यात तीच ती नावे फिरत राहतात. राणी शार्लोट, तिची थोरली मुलगी शार्लोट आणि नात शार्लोट अशा तीन शार्लोट या हकिकतीत येतात. म्हणून थोरल्या मुलीला तिच्या 'प्रिन्सेस रॉयल' या किताबाने आणि नातीला 'नात शार्लोट' असे म्हणू. थोरला मुलगा जॉर्ज पुढे चौथा जॉर्ज झाला. तोवर त्याला युवराज म्हणू.

तिसऱ्या जॉर्जचे स्वतःचे लग्न हा कर्तव्याचा नमुना होता. १७६० मध्ये बाविसाव्या वर्षी तो गादीवर आला, तेव्हा लेडी सारा लेनॉक्स या सरदारकन्येवर त्याचे मन जडलेले होते. पण राजाने आपल्याच प्रजेतील मुलगी करू नये, या सल्ल्यापुढे मान तुकवून त्याने तिचा नाद सोडला आणि जर्मनीतील मेक्लेनबुर्ग-श्ट्रेलिट्झ या लहानशा संस्थानातील सतरा वर्षांची शार्लोट पसंत केली. तिला इंग्रजी येत नव्हते. ८ सप्टेंबर १७६१ रोजी दुपारी ती लंडनला पोहोचली, तिने नवऱ्याचे तोंड पहिल्यांदा पाहिले आणि त्याच रात्री सेंट जेम्स राजवाड्याच्या प्रार्थनामंदिरात त्यांचे लग्न लागले. नवरीच्या मागे उभ्या असलेल्या दहा करवल्यांत सारा लेनॉक्सही होती. एवढे होऊनही संसार सुखाचा झाला. राजाने अंगवस्त्र ठेवले नाही आणि १७६२ ते १७८३ या एकवीस वर्षांत पंधरा मुले झाली. मन मारूनही लग्न उत्तम टिकते, हा या माणसाचा स्वानुभव होता. मुलांच्या बाबतीत त्याने जी कठोरता दाखवली, तिचा उगम मला या अनुभवात दिसतो.

जर्मनीच का, हा प्रश्न येथे साहजिक आहे. १७०१ च्या वारसा कायद्यानुसार जो कॅथलिक असेल किंवा कॅथलिक व्यक्तीशी लग्न करील, त्याचा इंग्लंडच्या गादीवरील हक्क संपत असे. फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल आणि ऑस्ट्रिया ही मोठी राजघराणी कॅथलिक होती. ती वगळली की प्रोटेस्टंट स्थळे उरत ती डेन्मार्क, स्वीडन, प्रशिया आणि जर्मनीतील डझनावारी छोट्या संस्थानांत. इंग्लंडचा राजा हा जर्मनीतील हॅनोवरचाही अधिपती होता, आणि जर्मन राजघराण्यांत बरोबरीच्या घराशीच सोयरीक करण्याचा दंडक होता. त्यामुळे स्वदेशातील सरदारकन्या कितीही कुलीन असली, तरी राजाच्या मते ती बरोबरीची ठरत नसे.

हा दंडक राजाच्या भावांनीच मोडला. धाकटा भाऊ हेन्री याने १७७१ मध्ये ॲन हॉर्टन या विधवेशी लग्न उरकून मग राजाला कळवले. संतापलेल्या राजाने पार्लमेंटकडून १७७२ मध्ये राजघराण्याच्या विवाहांचा कायदा संमत करून घेतला. त्यानंतर काही महिन्यांतच दुसरा भाऊ विल्यम हेन्री याचेही गुपित फुटले. मरिया वॉल्डग्रेव्ह या विधवेशी त्याने १७६६ मध्येच गुपचूप लग्न केले होते आणि सहा वर्षे ते लपवून ठेवले होते. राजाने पार्लमेंटकडून १७७२ मध्ये राजघराण्याच्या विवाहांचा कायदा संमत करून घेतला.

कायदा छोटा होता. राजाचे आजोबा दुसरे जॉर्ज यांच्या वंशातील कोणालाही राजाच्या लेखी, राजमुद्रांकित परवानगीवाचून लग्न करता येणार नाही. परदेशी घराण्यांत दिलेल्या राजकन्यांची संतती मात्र यातून वगळलेली. परवानगीवाचून केलेले लग्न हे केवळ नियमबाह्य नव्हे, तर मुळातच झाले नाही असे मानले जाईल. असे लग्न लावणाऱ्या पाद्र्यालाच नव्हे, तर तेथे जाणूनबुजून हजर राहणाऱ्यालाही जबर शिक्षा होईल. एक पळवाट तेवढी ठेवली होती. पंचविशी उलटलेल्या व्यक्तीने प्रिव्ही कौन्सिलला, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाला, तशी सूचना द्यावी आणि बारा महिने थांबावे. त्या अवधीत पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी स्पष्ट विरोध नोंदवला नाही, तर लग्न करता येईल. कागदावर ही सवलत बरी दिसते. प्रत्यक्षात आपले प्रेमप्रकरण वर्षभर पार्लमेंटच्या आणि वर्तमानपत्रांच्या तोंडी देण्याची तयारी त्यासाठी हवी होती, आणि वडिलांच्या तोंडावर त्यांचा नकार झुगारण्याचीही.

हा कायदा चर्चेला होता तेव्हा त्याच्या विरोधात सरकारातील पद सोडणाऱ्यांत चार्ल्स जेम्स फॉक्स हा तरुण होता. सारा लेनॉक्स ही त्याची सख्खी मावशी. पुढे याच फॉक्सला या कायद्याने भर सभागृहात तोंडघशी पाडले.

युवराज जॉर्ज देखणा, खर्चिक आणि हट्टी होता. एकविसाव्या वर्षी तो मरिया फिट्झहर्बर्ट हिच्या प्रेमात पडला. ती त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, दोनदा विधवा झालेली आणि कॅथलिक होती. लग्नावाचून ती त्याच्याजवळ राहायला तयार होईना. तेव्हा १५ डिसेंबर १७८५ रोजी लंडनमधील तिच्या घराच्या दिवाणखान्यात, दारे लावून घेऊन, लग्न उरकण्यात आले. शिक्षेच्या भयाने भलाभला पाद्री पुढे येईना; म्हणून कर्जापायी तुरुंगात पडलेल्या रॉबर्ट बर्ट नावाच्या पाद्र्याचे पाचशे पौंडांचे देणे फेडून त्याला सोडवून आणले होते. साक्षीदार म्हणून नवरीचा काका आणि भाऊ उभे राहिले. लग्नाचा दाखला युवराजाने स्वतःच्या हाताने लिहिला. पुढे साक्षीदारांवर बालंट येईल या भीतीने मरियाने त्या कागदावरील त्यांची नावे कात्रीने कापून टाकली. आपल्या लग्नाचा एकमेव पुरावा तिने स्वतःच अर्धा करून ठेवला.

येथे दोन कायदे एकमेकांत कसे अडकले ते पाहण्यासारखे आहे. १७७२ च्या कायद्याप्रमाणे परवानगी नसल्यामुळे हे लग्न झालेच नव्हते. ते झाले असे मानले असते, तर मरिया कॅथलिक असल्यामुळे १७०१ च्या कायद्याने युवराजाची गादी गेली असती. म्हणजे ज्या कायद्याने त्याचे लग्न नाकारले, त्यानेच त्याची गादी राखली. आणि गादी राखायची तर आपण लग्न केलेलेच नाही, हे त्याने जगाला पटवून देणे भाग होते. १७८७ मध्ये युवराजाची कर्जे फेडण्याचा विषय पार्लमेंटपुढे आला, तेव्हा फॉक्सने युवराजाच्या शब्दावर विसंबून असे कोणतेही लग्न झालेले नाही असे छातीठोकपणे सांगितले. खरे काय ते त्याला नंतर कळले. मरियाने त्याला कधीच क्षमा केली नाही.

१७९५ पर्यंत युवराजाची कर्जे सुमारे ६,३०,००० पौंडांवर गेली. औरस लग्न केलेस तर वाट काढू, असे वडिलांनी सांगितले. मग त्याने मान्य केले ते स्थळ म्हणजे ब्रन्सविकची राजकन्या कॅरोलिन, त्याची सख्खी आतेबहीण. तिला पहिल्यांदा पाहताच त्याने सोबतच्या अधिकाऱ्याला आपल्याला बरे वाटत नसल्याचे सांगून ब्रँडीचा पेला मागवला, हे त्या अधिकाऱ्याच्याच रोजनिशीत नोंदलेले आहे. ८ एप्रिल १७९५ रोजी लग्न झाले आणि ७ जानेवारी १७९६ रोजी, बरोबर नऊ महिन्यांनी, नात शार्लोटचा जन्म झाला. त्यानंतर तीनच दिवसांनी युवराजाने मृत्युपत्र लिहिले. त्यात सर्वस्व मरिया फिट्झहर्बर्टला, 'माझ्या पत्नीला', ठेवले आणि कॅरोलिनला एक शिलिंग. नवराबायको कायमची वेगळी झाली. थोरल्या मुलाकडून आणखी संततीची आशा येथेच संपली.

दुसरा मुलगा फ्रेडरिक, ड्यूक ऑफ यॉर्क, याने १७९१ मध्ये प्रशियाच्या राजकन्येशी रीतसर, परवानगीने आणि थाटामाटाने लग्न केले. मूल झाले नाही. डचेस आपल्या कुत्र्यांच्या गोतावळ्यात वेगळी राहू लागली.

तिसरा विल्यम, ड्यूक ऑफ क्लॅरेन्स, लहानपणापासून आरमारात वाढलेला. डोरोथी जॉर्डन या गाजलेल्या आयरिश अभिनेत्रीबरोबर तो सुमारे वीस वर्षे एखाद्या मध्यमवर्गीय गृहस्थासारखा राहिला आणि त्यांना दहा मुले झाली. नटीशी लग्नाला परवानगी मिळणे अशक्यच होते, म्हणून त्याने मागितलीही नाही. १८११ मध्ये त्याने तिला सोडले. १८१६ मध्ये ती फ्रान्समध्ये हलाखीत मरण पावली. चौथा मुलगा एडवर्ड, ड्यूक ऑफ केंट, हाही मादाम द सेंट-लॉरेंट या फ्रेंच स्त्रीबरोबर पाव शतकाहून अधिक काळ राहत होता. हे संबंध पाहिले की कायद्याचे अपुरेपण लक्षात येते. राजपुत्रांनी कोणाशी लग्न करू नये हे त्याने ठरवले. कोणाबरोबर राहू नये हे ठरवणे त्याच्या हाती नव्हते. मुले व्हायची ती झालीच, फक्त ती वारसांच्या यादीबाहेर झाली.

सहावा मुलगा ऑगस्टस याने मात्र कायद्याशी उघड दोन हात केले. एप्रिल १७९३ मध्ये रोममध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने अर्ल ऑफ डनमोर यांची कन्या लेडी ऑगस्टा मरे हिच्याशी एका इंग्रज पाद्र्याकरवी लग्न लावले. परदेशातील हे लग्न टिकणार नाही अशी शंका आल्यावर दोघांनी डिसेंबरमध्ये लंडनच्या हॅनोवर स्क्वेअरमधील सेंट जॉर्ज चर्चमध्ये पुन्हा विवाह केला. तिकडच्या रीतीप्रमाणे लग्नापूर्वी तीन रविवार वधूवरांची नावे चर्चमध्ये मोठ्याने वाचली जात, कोणाची हरकत असेल तर त्याने बोलावे म्हणून. राजपुत्राचे नाव 'ऑगस्टस फ्रेडरिक' एवढेच वाचले गेले आणि हा राजाचा मुलगा आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही आले नाही. जानेवारीत मुलगा झाला, आणि ऑगस्ट १७९४ मध्ये धर्मन्यायालयाने विवाह रद्दबातल ठरवला. हा मुलगा सर ऑगस्टस देस्त या नावाने वाढला. १८४३ मध्ये वडील वारल्यावर त्यांचा किताब आपल्याला मिळावा म्हणून त्याने दावा लावला, तेव्हा १७७२ चा कायदा इंग्लंडबाहेर लागलेल्या लग्नालाही लागू आहे असा निर्णय लॉर्ड्सच्या सभागृहाने १८४४ मध्ये दिला. (वैद्यकाच्या इतिहासात हा देस्त वेगळ्याच कारणाने ओळखला जातो: मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराच्या लक्षणांचे सविस्तर वर्णन त्याच्या रोजनिशीत सापडते.)

मुलगे निदान मनासारखे वागले. मुलींच्या वाट्याला ते स्वातंत्र्यही आले नाही.

सहा मुलींवर राजाचे अतोनात प्रेम होते आणि त्याच प्रेमाने त्यांना कोंडले. आपल्या बहिणींचे काय झाले हे त्याने पाहिले होते. धाकटी बहीण कॅरोलाइन मटिल्डा हिला पंधराव्या वर्षी डेन्मार्कच्या मनोरुग्ण राजाला दिली. दरबारी वैद्य स्ट्रुएन्से याच्याशी तिचे संबंध जडले; १७७२ मध्ये दोघे पकडले गेले, वैद्याचा शिरच्छेद झाला, राणीचा घटस्फोट होऊन मुले तिच्यापासून तोडली गेली, आणि तीन वर्षांनी, अवघ्या तेविसाव्या वर्षी, ती जर्मनीतील त्सेले येथे मरण पावली. दुसरी बहीण ब्रन्सविकला दिलेली. तीही सुखी नव्हती. त्यामुळे मुलींसाठी परदेशातून स्थळ आले की राजा टाळाटाळ करी, आणि देशातले स्थळ त्याच्याच दंडकाने बाद होई. १७८८ मध्ये त्याला वेडाचा पहिला मोठा झटका आला. त्यानंतर मुलींच्या लग्नाचा विषय काढला तर राजाची प्रकृती पुन्हा बिघडेल, या धास्तीने राणीही गप्प बसू लागली. मुलींची लग्ने व्हावीत अशी आपली मनापासून इच्छा नसल्याचे राजाने पत्रात कबूल केले आहे.

म्हणून विंडसरला सकाळी प्रार्थना, दुपारी भरतकाम आणि चित्रकला, संध्याकाळी आईला वाचून दाखवणे आणि पत्ते, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. आपल्या या घराला त्या 'जोगिणींचा मठ' म्हणत.

प्रिन्सेस रॉयल पहिल्यांदा सुटली. तिशीत असताना, मे १७९७ मध्ये, तिचे लग्न व्युर्टेमबर्गच्या फ्रेडरिकशी झाले. वर विधुर आणि अवाढव्य देहाचा होता. त्याची पहिली बायको ही राजाची भाची, म्हणजे कॅरोलिनची थोरली बहीण. ती रशियात संशयास्पद परिस्थितीत वारली होती आणि त्या मृत्यूची चौकशी केल्यावरच राजाने होकार दिला. प्रिन्सेस रॉयलला १७९८ मध्ये मृत मुलगी झाली, पुढे मूल झाले नाही. वडिलांची आणि तिची पुन्हा कधीही भेट झाली नाही. तीस वर्षांनी, १८२७ मध्ये, ती एकदाच माहेरी आली, तीही औषधोपचारासाठी.

सर्वांत धाकटी अमेलिया बापाची सर्वांत लाडकी. चार्ल्स फिट्झरॉय या, राजाच्याच तैनातीतील अधिकाऱ्यावर तिचे प्रेम होते. ऑगस्ट १८०८ मध्ये तिला पंचवीस वर्षे पूर्ण झाली आणि प्रिव्ही कौन्सिलची वाट तिच्यासाठी उघडली. परंतु वडिलांना हे कळले तर ते वेडे होतील, अशी भीती सगळ्या घराने तिच्या मनावर बिंबवली होती, आणि क्षयाने तिचे शरीरही खचत चालले होते. फिट्झरॉयचे आडनाव लावल्यासारखी आद्याक्षरे ती आपल्या नावाखाली लिहीत असे. एवढेच तिचे लग्न. मरणशय्येवर तिने एक अंगठी करवून घेतली. स्फटिकाखाली तिच्या केसांची बट, भोवती हिरे आणि 'माझी आठवण ठेवा' ही अक्षरे. दृष्टी गेलेल्या बापाच्या बोटात ती तिने स्वतः घातली. २ नोव्हेंबर १८१० रोजी ती गेली. राजाची बुद्धी त्याच सुमारास कायमची ढळली आणि फेब्रुवारी १८११ मध्ये युवराज राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहू लागला. तिने आपले बहुतेक सर्व फिट्झरॉयच्या नावे केले होते.

उरलेल्यांपैकी ऑगस्टा हिने १८१२ मध्ये भावाला पत्र लिहून एका सेनाधिकाऱ्याशी लग्नाची परवानगी विनवली होती. तिचे उघड लग्न कधी झाले नाही. सोफियाही अविवाहित राहिली. मेरी १८१६ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, ग्लॉस्टरच्या ड्यूकला, आपल्या सख्ख्या चुलतभावाला, दिली गेली. आपल्याकडे हे नाते कानावर हात ठेवण्याजोगे, पण तिकडे त्याचे कोणाला काही वाटले नाही. गमतीचा भाग वेगळाच आहे: हा नवरदेव म्हणजे ज्या विल्यम हेन्रीच्या गुप्त लग्नाचे गुपित १७७२ चा कायदा होताच फुटले, त्याचाच मुलगा. एलिझाबेथचे लग्न सत्तेचाळिसाव्या वर्षी, एप्रिल १८१८ मध्ये, हेसे-होम्बुर्गच्या राजपुत्राशी झाले. आपल्या मिळकतीतून तिने त्या कंगाल संस्थानाची डागडुजी केली आणि ती खुशीत राहिली. या तिघी विवाहितांपैकी कोणाचेही मूल जगले नाही.

आता १८१७ कडे परत येऊ. सगळी भिस्त नात शार्लोटवर होती. मे १८१६ मध्ये तिने स्वतः निवडलेल्या लिओपोल्ड या जर्मन राजपुत्राशी लग्न केले होते आणि प्रजेचा तिच्यावर जीव होता. ३ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सरे परगण्यातील क्लेरमाँट येथे तिला कळा सुरू झाल्या. सर रिचर्ड क्रॉफ्ट हा प्रसूतितज्ज्ञ हजर होता, पण त्याने चिमट्याचा वापर केला नाही. पन्नासच्या आसपास तास गेले. ५ तारखेच्या रात्री नऊला मृत मुलगा जन्मला आणि काही तासांनी, पहाटे, एकवीस वर्षांची शार्लोटही गेली. देशभर इतका शोक झाला की दुकानांतील काळे कापड संपले. तीन महिन्यांनी क्रॉफ्टने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

५ नोव्हेंबर १८१७ ही तारीख मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. त्याच दिवशी दुपारी पुण्याजवळ खडकीच्या माळावर पेशव्यांची फौज आणि कंपनीचे सैन्य समोरासमोर आले होते. बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढले, तेव्हा ते चढवणाऱ्यांना आपल्या राजघराण्याचा वंशवृक्ष शेंड्यालाच तुटल्याची कल्पनाही नव्हती. जहाजाने बातमी यायला त्या काळी महिने लागत.

दत्तक का घेतले नाही, हा प्रश्न आपल्या मनात लगेच येतो. ब्रिटिश गादीच्या कायद्यात दत्तकाला जागाच नाही; रक्ताचा आणि औरस संबंध हवा. जी सोय शिंदे-होळकरांपासून सातारकरांपर्यंत सर्वांना सहज उपलब्ध होती, ती लंडनला नव्हती. पुढे १८४८ मध्ये साताऱ्याचे दत्तकविधान डलहौसीने अमान्य करून राज्य खालसा केले, त्यामागे हाव होतीच. परंतु दत्तकाने वारसा चालतो ही कल्पना त्यांच्या घरात कधी नांदली नव्हती, हेही खरे.

मग पन्नाशीच्या आसपासच्या राजपुत्रांची लग्नघाई सुरू झाली. कर्जात बुडालेल्या या मंडळींना देशकार्याइतकेच वाढीव तनख्याचे आकर्षण होते. पार्लमेंटने क्लॅरेन्सला वर्षाला सहा हजारच पौंड वाढवून द्यायचे ठरवले, तेव्हा तो रुसून बसला होता. केंटने मादाम द सेंट-लॉरेंटशी पाव शतकाचा संबंध तोडला आणि लिओपोल्डच्याच विधवा बहिणीशी, दोन मुलांच्या आईशी, मे १८१८ मध्ये कोबुर्गला लग्न केले. ११ जुलै १८१८ रोजी क्यूच्या राजवाड्यात, आजारी राणीच्या सोयीसाठी तिच्याच दिवाणखान्यात, जोडविवाह झाला: केंटचे इंग्रजी पद्धतीने पुन्हा लग्न आणि बावन्न वर्षांच्या क्लॅरेन्सचे पंचवीस वर्षांच्या ॲडलेडशी. केंब्रिजचा ड्यूक अडोल्फस त्यापूर्वीच बोहल्यावर चढला होता. कंबरलँडच्या अर्नेस्टने तर १८१५ मध्येच आपल्या दोनदा विधवा झालेल्या मामेबहिणीशी लग्न केले होते. मामाची मुलगी म्हणून आपल्याला त्यात वावगे वाटणार नाही. राणीला मात्र त्या भाचीचे पूर्वचरित्र खुपत होते, कारण एकेकाळी तिने अडोल्फसशी ठरलेली सोयरीक मोडली होती. सून म्हणून राणीने तिचे तोंड पाहिले नाही. नोव्हेंबर १८१८ मध्ये राणी वारली.

१८१९ च्या वसंतात, अवघ्या दोन महिन्यांत, चार नातवंडे जन्मली. २६ मार्चला केंब्रिजला मुलगा झाला. २७ मार्चला क्लॅरेन्सला मुलगी झाली आणि त्याच दिवशी वारली. २४ मेला केंटला लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यात मुलगी झाली. २७ मेला कंबरलँडला मुलगा झाला. येथे अनेकांचा घोटाळा होतो. केंब्रिजचा मुलगा आधी जन्मला आणि तो मुलगा होता, तरी केंटची मुलगी पुढे गेली. कारण नातवंडांचा क्रम त्यांच्या जन्मतारखेवरून नव्हे, तर त्यांच्या वडिलांच्या ज्येष्ठतेवरून लागतो. आधी थोरल्या शाखेतील सगळे, मुलीसुद्धा, आणि मग धाकट्या शाखेतील मुलगे. केंट चौथा, अर्नेस्ट पाचवा, अडोल्फस सातवा. आपल्या अपत्याचा जन्म इंग्लंडातच झाला पाहिजे म्हणून केंटने उसनवारी करून दिवस भरत आलेल्या बायकोला जर्मनीतून गाडीने लंडनला आणले होते. ही मुलगी व्हिक्टोरिया. ती आठ महिन्यांची असताना, २३ जानेवारी १८२० रोजी, केंट वारला आणि सहा दिवसांनी म्हातारा राजाही गेला.

तरीही तिची वाट मोकळी नव्हती. डिसेंबर १८२० मध्ये क्लॅरेन्सला पुन्हा मुलगी झाली, तिचे नाव एलिझाबेथ. ती जगती तर व्हिक्टोरियाचे नाव आज कोणी घेतले नसते. तीन महिन्यांत ती वारली. १८३० मध्ये चौथा जॉर्ज मरण पावला, आणि मरियाचे छोटे चित्र गळ्यात ठेवून त्याला पुरण्यात आले. मग क्लॅरेन्स चौथा विल्यम म्हणून गादीवर बसला. दहा मुलांच्या या बापाला औरस वारस नव्हता, म्हणून २० जून १८३७ रोजी राज्य पुतणीकडे गेले. तिला अठरा पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता. हॅनोवरला मात्र पुरुषशाखा असेपर्यंत बाईला गादी देण्याची रीत नव्हती. तेथे कंबरलँडचा अर्नेस्ट राजा झाला आणि सव्वाशे वर्षे एका राजाखाली असलेली दोन राज्ये वेगळी झाली.

१८४० मध्ये व्हिक्टोरियाने आपला मामेभाऊ अल्बर्ट याच्याशी लग्न केले, तेव्हा कन्यादानाला ऑगस्टस काका उभा होता, ज्याची स्वतःची दोन्ही लग्ने कायद्याने अमान्य होती. दुसऱ्या बायकोला राणीने त्याच वर्षी स्वतंत्र किताब देऊन तिची कुचंबणा थोडी कमी केली. १८१९ च्या शर्यतीत पहिला जन्मलेला केंब्रिजचा जॉर्ज पुढे एकोणचाळीस वर्षे ब्रिटिश सैन्याचा सरसेनापती राहिला. त्यानेही एका नटीशी परवानगीवाचून लग्न केले आणि त्याच्या मुलांना त्याचा किताब मिळाला नाही. १७७२ चा कायदा २०१५ मध्ये रद्द झाला. आता गादीच्या रांगेतील पहिल्या सहा जणांनाच परवानगी घ्यावी लागते.

१८५६ मधील एक छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात राणी व्हिक्टोरिया, तिचा मुलगा एडवर्ड आणि मुलगी ॲलिस यांच्याबरोबर एक ऐंशी वर्षांची म्हातारी बसलेली आहे. ती मेरी, पंधरा भावंडांतील शेवटची उरलेली. पुढच्या वर्षी ३० एप्रिलला ती वारली.